गादी नवी भरली तरी कंबर धरतेच? जुन्या ट्रकच्या सीटचं दुखणं खालून वर शोधा

जुन्या ट्रकची सीट वर्षा-दीड वर्षात पुन्हा पुन्हा भरावी लागत असेल, तर दोष बहुतेक वेळा गादीत नसतो. तो खाली कुठंतरी असतो आणि गादी तो सोसत बसते. पांढरकवड्याला (यवतमाळ जिल्हा) हायवेच्या कडेला मी सीट आणि कुशनचं काम करतो. दिवाळीनंतर जिनिंगची (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांची) भाडी सुरू झाली की हीच तक्रार घेऊन गाड्या लागतात. "गादी तं मांगच्याच वर्षी भरली भाऊ, अन् आता पुन्हा लोखंड लागून राह्यलं." यावर मालकाचा ठरलेला उपाय असतो, अजून दोन इंच फोम टाका. तो उपाय करू नका. का ते पुढे येईलच. आधी दुखणं नेमकं कुठून येतं ते शोधू.

ड्रायव्हरला विचारा: कुठं दुखतं, कधी दुखतं

गाडी उघडण्याआधी हे विचारलं तर अर्धं काम होतं. मालकाला नका विचारू, जो रोज चालवतो त्याला विचारा.

खड्ड्यात चाक गेलं की बुडाला टणकन लागत असेल तर फोम बसलाय किंवा खालची स्प्रिंग तुटली आहे. एकाच बाजूची कंबर धरत असेल तर सीट एका अंगाला झुकलेली आहे. मांडीच्या मागचा भाग आणि पाय बधिर होत असतील तर सीटची पुढची कड उंच किंवा टणक आहे. मान आणि खांदे दुखत असतील तर पाठीचा कोन किंवा स्टेअरिंगचं अंतर चुकलंय, गादीला हात लावायची गरजही नसेल. थरथर ठराविक वेगालाच येते आणि वेग बदलला की जाते, असं सांगितलं तर सीट सोडा. टायर, चाकाची डिस्क आणि प्रोपेलरचा क्रॉस (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा) बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: भरल्या गाडीत जास्त त्रास होतो की रिकाम्या? आपल्याकडे दहातले बहुतेक ड्रायव्हर "रिकाम्या" असंच सांगतात. या उत्तराचा धागा पाट्यांपर्यंत, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांपर्यंत जातो.

पाटे, टायर आणि केबिनचे रबर

कापूस, सोयाबीन, तूर, कोळसा, गिट्टी, जे मिळेल ते भरायचं म्हणून जुन्या गाड्यांना मालकांनी जादा पाटे चढवलेले असतात. माल भरल्यावर गाडी बसू नये हा हेतू. पण पाटे वाढले की रिकाम्या गाडीचं वजन त्यांना वाकवूच शकत नाही. हिंगणघाटला कापूस उतरवून गाडी रिकामी परत निघाली, की रस्त्याचा प्रत्येक खड्डा चेसिसमधून सरळ ड्रायव्हरच्या मणक्यात येतो. या गाडीत कुठलीही गादी टाका, वर्षात तिचा चुरा होणार.

दुसरी गोष्ट गंजाची. पाट्याचं काम एकावर एक सरकण्याचं आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरचा काळा चिखल पाट्यांच्या मधे जातो, वाळतो, आणि पाटे एकमेकांना चिकटतात. मग मोठ्या खड्ड्यात पाटा हलतो, पण लहान लहान खाचखळग्यांत हलत नाही. तिथं पाट्याचा जणू जाड लोखंडी ठोकळा झालेला असतो. पाटेवाल्याकडे गाडी लावून पाटे उघडा, घासा, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बसवा. शॅकलची (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीची) पिन आणि बुश त्याच वेळी बघून घ्या. यू-बोल्ट परत आवळताना माल भरून एक फेरी झाल्यावर पुन्हा आवळायचे असतात, ते विसरू नका. पुढचे जादा पाटे काढता येतात का, हे तिथंच विचारा. पुढच्या पाट्यांवरच केबिन उभं असतं, त्यामुळे पुढचा एक पाटा कमी झाला तरी ड्रायव्हरला फरक कळतो. मात्र गाडीच्या मूळ पाट्यांना हात लावू नका.

शॉक अब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ दिसले तर तो गेलाच म्हणून समजा. टायरची हवा गार टायरला तपासा, सकाळी गाडी काढण्याआधी. उन्हात धावलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं आणि ते बघून हवा सोडली, तर रात्री टायर कमी हवेवर येतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, त्या दिवसांत ही सवय टायर फाडते.

आता केबिनचे रबर. याकडे कोणी बघतच नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. केबिन चेसिसवर थेट ठेवलेलं नसतं, मधे जाड रबराचे ठोकळे आणि बुश असतात. दहा-बारा वर्षांत ते रबर दबून चपटं होतं, तडकतं, डिझेल-ऑइल लागून फुगतं. मग लोखंडावर लोखंड बसतं. ओळखायचं असं: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. एकाने इंजिन चालू करून आयडलवर ठेवावं. दुसऱ्याने एक तळवा चेसिसवर आणि दुसरा केबिनच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवावा. दोन्ही तळव्यांना सारखीच थरथर लागली तर मधलं रबर काही काम करत नाही. चारही कोपऱ्यांवर बघा. इंजिन बंद करून टॉर्च मारलीत तर त्या जागी रंग उडून लोखंड चकचकीत घासलेलं दिसेल. तो चकाकणारा डाग म्हणजे पक्का पुरावा. इंजिनाच्या माउंटिंगचंही तसंच. आयडलला केबिन डोलत असेल आणि रेस दिली की शांत होत असेल, तर इंजिनाचे रबर आधी बदला.

हे रबर फार महाग नसतात आणि कुठल्याही तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल सांगून मिळतात. नुसते हेच बदलून ड्रायव्हर "आता गादी राहू द्या, चालते" म्हणाल्याचं मी पाहिलंय. माझं काम गेलं तरी चालेल, पण हे आधी करा.

सीटचा सांगाडा

खालचं सगळं बरं असेल तर सीटकडे या. पहिलं काम, पाठ दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जोरात हलवा. सीट करकरली, खुळखुळली तर रेल, म्हणजे सीट ज्यावर पुढे-मागे सरकते ती पट्टी, ढिली आहे. पॅसेंजर बाजूला अशी सीट एक वेळ चालेल, ड्रायव्हरची अजिबात नाही. ब्रेक जोरात दाबताना माणूस पाठीला रेटा देऊन पाय दाबतो. त्या क्षणी सीट सरकली तर ब्रेक पूर्ण दाबला जात नाही.

रेलखालचा पत्रा बघा. दाराचं रबर फाटलेलं असेल तर पावसाचं पाणी नेमकं ड्रायव्हरच्या सीटच्या पायाशी जमतं. पत्रा गंजतो, बोल्टची भोकं लांबट होतात. लांबट भोकावर मोठा वॉशर टाकून भागवतात, ते तात्पुरतं. पत्र्याखालून पाच-सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी लावून बोल्ट तिच्यातून घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असावं, साधा बाजारी बोल्ट इथं नको. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा. ब्रेकची पाइप, डिझेलची पाइप, वायरिंग याच भागातून जातं. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या वायरी काढून ठेवा, नाहीतर अल्टरनेटर जळतो.

मग मोजपट्टी घ्या. कव्हर काढून सीटच्या चार कोपऱ्यांची केबिनच्या तळापासून उंची मोजा. जुन्या गाडीत दाराकडचा, म्हणजे उजवा कोपरा जवळजवळ नेहमी खाली गेलेला सापडतो. कारण सरळ आहे: चढताना-उतरताना ड्रायव्हर त्याच कडेवर बूड टेकून सरकतो. दिवसात कितीदा उतरायचं? टोल, चहा, वजनकाटा, जिनिंगचं गेट, ताडपत्रीचा दोर ढिला झाला, टायरला हातोडी मारून बघायची. प्रत्येक वेळी तीच कड दबते. एक-दीड सेंटिमीटर उतार डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर आठ तास बसलेला माणूस कंबर वाकडी करून गाडी सांभाळत असतो. त्यात मागच्या खिशात पाकीट किंवा मोबाइल असेल तर उतार आणखी वाढतो. पाकीट डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकायला सांगा, त्याला खर्च नाही.

सांगाड्यात झिगझॅग स्प्रिंगा असतील तर एकेक हाताने ओढून बघा, हूक सुटलेले सापडतील. एक स्प्रिंग सुटली तरी तिचं वजन शेजारच्यांवर जातं आणि त्याही लवकर जातात, म्हणून सगळ्याच बदला. स्प्रिंगांवर थेट फोम ठेवायचा नाही. स्प्रिंग फोमला खालून कापत जाते, आणि "फोम टिकत नाही" याचं हे एक मोठं कारण आहे. मधे नमदा (दाबून केलेलं जाड लोकरी कापड) घाला. नमदा मिळाला नाही तर बारदान्याची दुहेरी घडी ताणून शिवा. ते आपल्याकडे गावोगाव पडलेलं असतं आणि काम चोख करतं.

ज्या गाड्यांत स्प्रिंगच नाही, नुसती प्लायवूडची फळी आहे, तिथं १२ मिलिमीटरची चांगली प्लाय वापरा आणि तिला बोटाएवढी भोकं पाडा. भोकं का? माणूस बसला की फोममधली हवा बाहेर पडायला हवी. वर रेक्झिन, खाली सलग फळी, हवा जाणार कुठं? ती शिवण फाडून बाहेर येते. बसताना "फुस्स" आवाज करणारी सीट काही महिन्यांत शिवणीवर उसवते.

फोम: इथंच सगळ्यांची फसगत होते

दुकानात गिऱ्हाईक फोमवर तळवा दाबून बघतं आणि मऊ लागला की "हाच द्या" म्हणतं. मऊ फोमवर पाच मिनिटं छान वाटतं. गाडी रस्त्याला लागली, पहिल्या खड्ड्यात तो पूर्ण दबला आणि बूड फळीला टेकलं, की त्याचा उपयोग संपला.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. जितकं वजन जास्त, तितका त्यात माल जास्त आणि तितका तो टिकणार. कडकपणा वेगळा असतो. एकाच डेन्सिटीत मऊही मिळतो, टणकही. ट्रकच्या सीटला ४० च्या खालचा घेऊ नका, आणि तोही टणक प्रकारातला.

दुकानदाराने ४० सांगितला तो खरंच ४० आहे का, हे तपासायला शेजारच्या किराणा दुकानाचा काटा पुरतो. २० इंच लांब, २० इंच रुंद आणि ४ इंच जाड तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण एक किलो, थोडा जास्तच, भरतो. तेवढाच तुकडा ३२ चा असेल तर सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅम, आणि २३ चा असेल तर सहाशे ग्रॅम. सहाशे ग्रॅमचा तुकडा ४० म्हणून कोणी देत असेल तर तिथून उठा. काही हलक्या फोममध्ये खडूसारखी पूड घालून वजन वाढवलेलं असतं. कापलेली कड अंगठ्याने घासा, पांढरी भुकटी सुटली आणि तुकडे पडले तर तो घेऊ नका.

थर असे लावा. सगळ्यात खाली रिबॉन्डेड फोम, म्हणजे रंगीबेरंगी तुकडे दाबून बनवलेला, दीड ते दोन इंच. हा जड असतो आणि फळीला टेकू देत नाही. त्यावर ४० चा टणक फोम दोन इंच. सगळ्यात वर अर्धा इंच मऊ, फक्त अंगाला बरा लागावा म्हणून. थर चिकटवायला रबरी ग्लू दोन्ही बाजूंना पातळ लावा, थोडा सुकू द्या, मग दाबा. घाईत ओला चिकटवला की थर उन्हात सरकतात. दाराकडच्या कडेला रिबॉन्डेडची तीन इंच रुंद पट्टी वेगळी उभी बसवा, म्हणजे ती कड लवकर खचणार नाही. पुढची कड मात्र गोल उतरती कापा. मांडीखाली टोकदार कड आली की पायातलं रक्त अडतं आणि मुंग्या येतात.

एक पक्की अट: सगळे थर मिळून उंची मूळ गादीएवढीच हवी. दोन इंच फोम वाढवला की ड्रायव्हर दोन इंच वर जातो. मग क्लच दाबायला टाच जमिनीवरून उचलावी लागते, स्टेअरिंग मांडीला घासतं, आणि समोरच्या काचेची वरची कड नजरेत येते म्हणून तो मान खाली घालून बसतो. गादी जाड झाली आणि मान धरली, ही तक्रार इथून जन्मते.

ट्यूब, गोधडी आणि मण्यांचं कव्हर

सीटवर गोधडीची घडी टाकणं, अर्धी हवा भरलेली ट्यूब ठेवणं हे उपाय गावोगाव आहेत. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने काहीतरी करायलाच हवं, म्हणून कोणाला नावं ठेवत नाही. पण ट्यूबबद्दल एक समजून घ्या. ट्यूबवर किंवा फार मऊ फोमवर बसलेला माणूस आणि ती गादी मिळून स्वतःच एक स्प्रिंग होतात. सेकंदाला साधारण चार वेळा वर-खाली होणारी थरथर ही जोडी कमी करत नाही, वाढवते. आणि बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला ४ ते ८ वेळांची थरथरच सगळ्यात जास्त जाचते. जुन्या ट्रकचं डोलणं नेमकं याच्या आसपास असतं. म्हणून ट्यूबवर मऊ वाटतं खरं, पण संध्याकाळी कंबर जास्त ठणकते. मण्यांचं लाकडी कव्हर उन्हाळ्यात हवा खेळायला चांगलं आहे, कंबरेसाठी त्याचा उपयोग नाही.

कंबरेला खरा आधार हवा असेल तर पाठीच्या गादीत, पट्ट्याच्या किंचित वर, हाताच्या पंजाएवढ्या उंचीचा एक-दीड इंच जाड टणक फोमचा उंचवटा आतून शिवून घ्या. तात्पुरतं करायचं तर टॉवेलची गुंडाळी. ती फार वर गेली तर फासळ्यांत रुतते, फार खाली गेली तर माणसाला सीटवरून पुढे ढकलते. ड्रायव्हरला बसवून, त्याचा हात तिथं ठेवायला लावूनच जागा ठरवा.

बसण्याची रीत ही एवढी: बूड पूर्ण मागे टेकलेलं, गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेमधे तीन बोटं जागा, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला, पाठ काटकोनापेक्षा किंचित मागे. पाठ फार मागे झुकवली की हात लांबवावे लागतात आणि खांदे भरून येतात.

उन्हाळा

मे महिन्यात दुपारी बाराला वणीच्या नाहीतर घुग्घुसच्या कोळशाच्या रांगेत उभ्या असलेल्या गाडीच्या रेक्झिनला हात लावून बघा. बसणाऱ्याची पाठ दहा मिनिटांत चिंब होते, आणि ओल्या पाठीने माणूस सीटला टेकतच नाही, पुढे वाकून चालवतो. म्हणजे चांगल्या पाठीच्या गादीचाही फायदा जातो. मधल्या भागाला, बूड आणि पाठ जिथं टेकते तिथं, जाड कापड लावा. कडा, बाजू आणि मागचा भाग रेक्झिनचा ठेवा, तिथं घासणं जास्त असतं. कापडाचा भाग वेल्क्रोने किंवा नाडीने काढता येईल असा शिवून घ्या. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू कापडात बसतात, महिन्यातून एकदा धुवावंच लागतं. शिवण नायलॉनच्या दोऱ्याची, आणि पायपिंग (शिवणीवरची फुगीर कड) मांडीखाली येऊ देऊ नका.

ज्या गाडीत इंजिन केबिनच्या आतच, दोन सीटच्या मधे आहे, तिथं इंजिनाच्या झाकणाभोवतीचं रबर नक्की तपासा. ते फाटलेलं असलं की गरम हवा थेट सीटखाली येते. कागदाची पट्टी रबर आणि पत्र्याच्या मधे धरून झाकण लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथं फट आहे. धुराचा वास येत असेल तर सीटचं काम बाजूला ठेवा, सायलेन्सरची गळती आधी काढा. बंद केबिनमधला तो धूर माणसाला गुंगी आणतो. झाकणाच्या आतून उष्णता अडवणारा थर लावता येतो, पण तेलकट कपडे आणि जुनी गोणपाटं तिथं कोंबू नका, ते पेटतात.

नव्या बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला २०२५ पासून एसी बंधनकारक झालाय. जुन्या गाड्यांना ते लागू नाही, त्यामुळे आपल्या ड्रायव्हरसाठी आपल्यालाच बघायचं आहे.

सीटच बदलायची असेल तर

सांगाडा जागोजागी तडकला असेल, किंवा महिन्यातले बहुतेक दिवस नागपूर-हैदराबाद-सोलापूर अशी लांबची भाडी असतील, तर भरण्यापेक्षा सीट बदलणं बरं. भंगारातून कारची सीट आणून बसवण्याचा मोह होतो, दिसायला ती झकास असते. पण कारची सीट पाय लांब करून, मागे रेलून बसण्यासाठी बनलेली असते. ट्रकमध्ये माणूस ताठ आणि उंच बसतो. कारच्या सीटवर त्याच्या मांड्या अधांतरी राहतात. त्यापेक्षा मोडीत निघालेल्या नव्या ट्रकची किंवा बसची ड्रायव्हर सीट शोधा.

सस्पेन्शन सीट म्हणजे जिच्या खाली कात्रीसारखा सांगाडा आणि स्प्रिंग किंवा हवेचा फुगा असतो ती. तिची स्वतःची लय सेकंदाला एक-दोन वेळांची असते, म्हणून चार-पाचची थरथर ती खरोखर गाळते. फोम हे करू शकत नाही. मात्र घेण्याआधी दोन गोष्टी.

हवेवर चालणारी सीट बहुतेक वेळा एअर ब्रेकच्या गाडीतच बसते, कारण तिला सहसा गाडीच्या टाकीची हवा लागते. टाटा ४०७ सारख्या हायड्रॉलिक ब्रेकच्या गाडीत हवेची टाकीच नसते, तिथं स्प्रिंगवाली घ्या. हवेची लाइन ब्रेकच्या टाकीतून कधीही काढू नका. जादा सर्किटमधून, मधे प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (ब्रेकची हवा कमी होऊ न देणारा) टाकून, जाणत्या मेकॅनिककडूनच काढा. नाहीतर सीटची नळी फुटली की ब्रेकची हवा जाईल.

दुसरं, उंची. ही सीट खाली बरीच जागा खाते. जुन्या सीटवर ड्रायव्हरला बसवून डोकं आणि छत यांतलं अंतर मोजा. नवी सीट बसवल्यावर पूर्ण वर असतानाही चार बोटं जागा उरली पाहिजे. स्टेअरिंगची खालची कड आणि मांडी यांतही मूठ जावी. रेलच्या भोकांचं अंतर, दार उघडताना सीटला लागतं का, सीटखाली जॅक-पान्याची पेटी असेल तर ती निघते का, हे सगळं कागदावर लिहून मगच बाजारात जा.

बसवल्यावर वजनाचा नॉब लावायलाच हवा. ड्रायव्हर बसल्यावर सीट तिच्या हालचालीच्या मधोमध यायला हवी. साठ किलोच्या माणसासाठी लावलेल्या सीटवर नव्वद किलोचा बसला तर ती खाली टेकून ठोके देते. गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर दोघांनाही नॉब फिरवायला शिकवा. चांगल्या सीटा "बेकार निघाली" म्हणून काढून टाकल्या जातात, त्यातल्या कितीतरींचा नॉब कोणी फिरवलेलाच नसतो.

सीटबेल्टचे बोल्ट आहेत तिथंच ठेवा, जागा नडते म्हणून कापू नका. सीटांची संख्या वाढवू नका. नोंदणीत लिहिलेल्यापेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो. आठ वर्षांवरच्या गाडीची पासिंग दर वर्षी असते, तिथं ते निघेलच.

अंगावर काढू नका

सीट कितीही चांगली झाली तरी माणूस सलग बसून राहिला तर कंबर धरणारच. मोटार वाहतूक कामगार कायद्यात (१९६१) दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. माझं सांगणं आहे की दोन तासांनी पाच मिनिटं खाली उतरून चालाच. आणि मालकांना कळकळीची विनंती: लांबून आलेल्या ड्रायव्हरला गाडी थांबल्या थांबल्या पोती-गाठोडी उचलायला लावू नका. तासन्‌तास थरथर सोसलेला मणका त्या वेळी सगळ्यात नाजूक असतो. चहा घेऊ द्या, दहा मिनिटं फिरू द्या.

कंबरेतून कळ पायात उतरत असेल तर डॉक्टरला दाखवा. पायातली ताकद गेली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. तिथं उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटर चालवून सीटचे आणि केबिनचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवा फोम पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थोडा बसतो, म्हणून कव्हर थोडं ताणूनच शिवायचं. त्यानंतर चार कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजून गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या हंगामाआधी तीच मोजणी केली की कोणता कोपरा खचतोय ते दुखायला लागण्याआधी कळेल.